हात लावला की वाजलं पाहिजे

आमच्या वर्कशॉपात किस्से डब्यात भरून ठेवतात. खोटं नाही सांगत! बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे आणि त्यात आजवर फसलेली आमची सगळी सर्किटं पडलेली आहेत. आमच्या संघमित्राताई फसलेलं सर्किट कधी फेकत नाहीत. ते का फसलं, हे मार्करनं त्याच्यावर एका शब्दात लिहितात आणि डब्यात टाकतात. तारीख नाही, नंबर नाही, एकच शब्द. 'खर्रा', 'कूलर', 'बूट' असे. चंद्रपूरजवळच्या मूल गावी आमच्याकडे कोणी पाहुणा आला आणि चहाला वेळ लागला, की मी डबा उघडतो. चहा पिऊन होतो, डबा काही संपत नाही.

आधी माणसं सांगून टाकतो. संघमित्राताई चंद्रपूरला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. ती पक्की नोकरी सोडली आणि मूलला वडिलांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत वर्कशॉप टाकलं. लोक म्हणाले, येडी झाली! वडील म्हणाले, "थांब, खोल्या झाडून देतो." दुसरे लटारूभाऊ. वय साठ. जन्म राइस मिलच्या मशिनी दुरुस्त करण्यात गेला. आमच्याकडे पत्रा, स्क्रू, खोकी, जे जे ठोकावं लागतं ते सगळं त्यांचं. तिसरा मी, प्रमोद. बाजारात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी टीव्ही दुरुस्त करणंच सोडलं, तसा मी ताईंकडे सोल्डरिंगला आलो. धानातला ओलावा मोजायची मशीन बनवायची आणि गिरण्यांना द्यायची, हा आमचा धंदा. झाली तीन माणसं. आता डबा उघडतो.

* * *

गेल्या हिवाळ्यात ज्योती सिस्टर आली. ती आमच्या मूलचीच, ताईंच्या गल्लीत वाढलेली. अहेरीच्या पुढे जंगलातल्या एका दवाखान्यात नर्स आहे. सुट्टीवर आली ती पिशवीतून पलंगाच्या घंटेचं बटण घेऊनच.

"ताई, हे दाबायले ताकद लागते. ज्याले ताकद आहे थो घंटा कायले वाजवन? थो उठून मलेच शोधत येईन!"

तिच्या वॉर्डात जानोबाई नावाची एक माडिया आदिवासी बाई होती. लकव्याचे दोन झटके येऊन गेलेले. वाचा गेली, दोन्ही हातपाय गेले. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं कधीतरी जरासं हलायचं. पाणी हवंय, कूस बदलायची आहे, पाठ भाजून निघतेय, काही म्हणता काही सांगता येत नव्हतं.

सिस्टर म्हणाली, "नुसती डोये उघडे ठेवून पाहत राह्यते ताई. मी दुसऱ्या पेशंटपाशी असली का तिनं वाट पाहाची. किती वेळ पाह्यली, थेबी तिले सांगता येत नाई. त्या एका बोटावर घंटा वाजन असं काही होते का?"

ताईंनी ते बटण उलटंपालटं करून पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"बटणच नको. नुसता हात लावला की वाजलं पाहिजे."

तेव्हापासून गिरण्यांची कामं एका बाजूला आणि जानोबाईंचं बोट दुसऱ्या बाजूला. आम्ही तिघांनी त्या बाईंना तोवर पाहिलंही नव्हतं, पण रोज सकाळी वर्कशॉप उघडलं की पहिला विषय त्यांच्या बोटाचाच!

* * *

नुसता हात लावला की कळतं म्हणजे काय, हे लटारूभाऊंना पटेना. ताईंनी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं.

"भाऊ, ही तांब्याची पट्टी म्हणजे पायली समजा. पायलीत धान भरतो तशी हे सर्किट हिच्यात वीज भरते, अन् भरायले किती वेळ लागला थे मोजते. मंग रिकामी करते, पुन्हा भरते. एका सेकंदात शेकडो वेळा. आता माणसाचं बोट जवळ आलं का पायली जराशी मोठी होते. भरायले जरासा जास्त वेळ लागते. थो जास्तीचा वेळ पकडला का बोट सापडलं!"

भाऊंनी डोकं खाजवलं.

"म्हणजे बोट लावलं का पायली मोठी होते?"

"हो."

"हे मिलवाल्याले नका सांगू बाई. थो दिवसभर बोट लावून उभा राहीन!"

पहिली पट्टी मी सोल्डर केली. ताईंनी बोट लावलं, वाजली. मी लावलं, वाजली. ताईंचे वडील आले, पोस्टमन आला, सगळ्यांची वाजली. मग लटारूभाऊंनी लावलं. काही नाही! पुन्हा लावलं, घासलं, दाबलं. पट्टी गप्प!

भाऊ जाम चिडले. "मोबाईल मले ओळखत नाई. राशनची मशीन मले ओळखत नाई. आता तुमची पट्टीबी ओळखत नाई. मी आहो का नाई, तेवढं सांगा!"

ताईंनी त्यांचं बोट दिव्याखाली धरलं. चाळीस वर्षं पट्टे ओढून आणि नट आवळून कातडं इतकं जाड आणि कोरडं झालं होतं, की पट्टीपर्यंत बोट पोचतच नव्हतं. दुसरा कोणी म्हणाला असता, भाऊ तुम्ही राहू द्या. ताई म्हणाल्या, "भाऊ, आजपासून पास-नापास तुमच्या बोटावर. जगाची वाजली अन् तुमची नाई वाजली तं नापास!"

त्या सर्किटावर त्यांनी 'लटारू' लिहिलं आणि डब्यात टाकलं. पुढचे सहा महिने भाऊ घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वर्कशॉपात आणून ते सर्किट दाखवायचे. "माह्या नावाचं आहे!" ते फसलेलं आहे, एवढं मात्र सांगायचे नाहीत.

* * *

'खर्रा' हे सर्किट तसं लहानसंच, पण त्यानं आमचे दोन दिवस खाल्ले.

पट्टी कधी वाजे, कधी न वाजे. कधी कोणी खोलीत नसताना वाजे. मी सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. ताईंनी प्रोग्राम दोनदा तपासला. पार्ट बदलले, वायर बदलली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंनी सर्किट नाकाशी धरलं आणि वास घेतला.

"भाऊ, इकडे या."

लटारूभाऊ खर्रा घोटत होते. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून टेबलाच्या कडेवर घासत होते. त्या चुन्याची बारीक भुकटी उडून तांब्याच्या दोन रेघांच्या मधोमध बसली होती. हवेतला ओलावा तिला लागला की वीज एका रेघेतून दुसरीकडे झिरपायची. आम्ही बोट मोजत होतो आणि मशीन भाऊंचा चुना मोजत होती!

ताई रागावल्या नाहीत. नुसतं 'खर्रा' लिहिलं आणि भाऊंच्याच हातात दिलं डब्यात टाकायला. दुसऱ्या दिवसापासून खर्ऱ्याची पन्नी बाहेर, चपलांशेजारी!

* * *

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही, त्यामुळे सांगत नाही. दुपार झाली की आम्ही कूलर लावायचो, आणि कूलर लावला की अर्ध्या तासात घंटा वाजायची. कोणी हात लावलेला नाही, तरी वाजायची! कूलरची ओली हवा पट्टीवर बसायची, भरायच्या वेळेचा आकडा हळूहळू चढायचा आणि मशीनला वाटायचं, आलं बोट.

मी म्हटलं, कूलर बंद ठेवू. लटारूभाऊ म्हणाले, "मंग मलेबी बंद ठेवा."

ताई कूलरसमोर वही घेऊन बसल्या. दर मिनिटाला आकडा लिहायच्या. दोन दिवसांनी त्यांनी मशीनला एक गोष्ट शिकवली. आकडा हळूहळू चढत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, तोच नवा शून्य धरायचा. एकदम चढला तरच घंटा.

"हळूहळू वाढलं थे हवामान, झटक्यात वाढलं थो माणूस!" ताई म्हणाल्या.

वाक्य इतकं आवडलं की मी ते खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं. हे वाक्य आम्हाला किती महाग पडणार आहे, ते तेव्हा कोणाला ठाऊक होतं!

* * *

'बूट' हा किस्सा चंद्रपूरच्या एका प्रदर्शनातला. आम्हाला एक टेबल मिळालं होतं. पट्टी बॅटरीवर मांडली. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे साहेब आले. मागे फोटोवाले. ताईंनी समजावून सांगितलं, साहेबांनी बोट लावलं.

काही नाही.

साहेबांनी दुसरं बोट लावलं, मग अख्खा पंजा. घंटा गप्प! फोटोवाल्यांनी कॅमेरे खाली केले. लटारूभाऊंनी बाजूनं हळूच बोट टेकवलं, तर ठणाणा वाजली! जे बोट जगातल्या कुठल्याच मशीनला दिसत नाही, ते दिसलं, आणि साहेबांचं नाही!

ताई साहेबांच्या हाताकडे बघतच नव्हत्या. त्या पायांकडे बघत होत्या.

"सर, बूट काढता का?"

साहेबांना वाटलं, काही पूजा वगैरे आहे. त्यांनी बिचाऱ्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि हात जोडून उभे राहिले! ताई म्हणाल्या, "आता बोट लावा." वाजली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खूश.

भानगड अशी होती. आमच्या वर्कशॉपात समोरच्याच खोलीत बुद्धमूर्ती आहे, त्यामुळे येणारा प्रत्येक जण चपला बाहेर काढतो. ताई, मी, लटारूभाऊ, पोस्टमनसुद्धा! प्रदर्शनातही भाऊंच्या चपला सवयीनं टेबलाखालीच काढलेल्या होत्या. आम्ही तोवर जे जे बोट तपासलं, ते अनवाणी माणसाचं होतं. पाय जमिनीला टेकलेले असले की मशीनला बोट चांगलं कळतं. जाड रबरी तळाचा बूट घातला की तेच बोट फिकं पडतं. जगात कोणी चपला घालून घंटा वाजवेल, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं!

परतीच्या गाडीत मी हसत होतो. ताईंचा चेहरा मात्र उतरलेला होता.

"प्रमोद, हसू नको. जानोबाई पलंगावर आहे. खाली रबरी गादी. तिचे पाय जमिनीले कुठी लागतात?"

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात लोखंडी पलंग आला, त्यावर रबरी शीट आलं आणि त्यावर लटारूभाऊ आले. तीन दिवस भाऊ झोपून होते आणि ताई त्यांच्या हाताखालची पट्टी जुळवत होत्या. गिरणीवाले मशीन न्यायला यायचे आणि दारातच थबकायचे.

"अरे बापा! भाऊ, काय झालं तुमाले?"

भाऊ डोळे न उघडता म्हणायचे, "ड्यूटीवर आहो!"

* * *

रस्ते बंद व्हायच्या आत, मेअखेरीस आम्ही तिघं दवाखान्यात पोचलो. भाऊंनी पट्टी जेवणाच्या डब्यात, सुती फडक्यात गुंडाळून आणली होती. अहेरीनंतर रस्ता असा होता, की डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

जानोबाईंना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. लहानखुऱ्या, कपाळावर गोंदण. डोळे मात्र सगळ्या वॉर्डात सगळ्यात जागे. सिस्टरनं त्यांचा डावा तळहात पट्टीवर ठेवला. माडिया बोलणारी एक आया होती, तिनं कानाशी वाकून सांगितलं, बोट उचलून खाली टेकव, घंटा वाजेल.

सगळा वॉर्ड बघत होता. बोट हललं! इतकं हळू, इतकं हळू, की आधी मला वाटलं भास होतोय. वर गेलं, थरथरलं आणि हळूहळू खाली येऊन पट्टीवर टेकलं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता.

घंटा वाजली नाही.

पुन्हा एकदा बोट उचललं. पुन्हा तेवढाच वेळ लागला, पुन्हा टेकलं. काही नाही. सिस्टर हळूच म्हणाली, "राहू द्या ताई. नाई होत तिच्याकून."

लटारूभाऊ एकदम ओरडले, "झालं ना! बोट टेकलं! मी या डोयानं पाह्यलं! बाई पास आहे, आपली पट्टी नापास आहे!"

ताई खाली बसल्या. त्यांना कळलं होतं, आणि मग मलाही कळलं. हळूहळू वाढलं ते हवामान! त्या बाईनं जीव एकवटून बोट टेकवलं आणि आमच्या मशीननं तिला कूलरची हवा समजून सोडून दिलं.

ताईंनी जानोबाईंचा हात हातात घेतला. आयाला म्हणाल्या, "त्यांना सांग, तुमी बरोबर केलं. चुकी माही आहे." सर्किट तिथेच राहणार होतं, म्हणून त्यांनी वहीतलं कूलरच्या आकड्यांचं पान फाडलं, त्यावर 'हवामान' लिहिलं आणि डब्यात टाकायला जपून ठेवलं.

स्टुलावर लॅपटॉप ठेवून त्यांनी तिथेच प्रोग्राम बदलला. मशीन आता कितीही हळू आलेल्या बोटाची वाट बघणार होती. पण तोवर बाई थकल्या होत्या. बोट पुन्हा हललं नाही. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा हलेल की नाही, खात्री नाही. पट्टी त्यांच्या हाताखाली ठेवून आम्ही परत आलो. वर्कशॉप उघडल्यावर मी पहिलं काम केलं, भिंतीवरचं ते वाक्य पुसलं.

* * *

पंधरा-वीस दिवसांनी सिस्टरचा फोन आला. "वाजली!"

लटारूभाऊंनी टेबलावर हातोडा आपटला. ताई उभ्या राहिल्या. पण सिस्टरचा आवाज खुशीतला नव्हता.

"ताई, रोज चार वाजता वाजते. मी पयत जाते, पाहते तं बोट जिथल्या तिथी. आठ दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, अशी खोटी घंटा ऐकून ऐकून उद्या खरी वाजली तं कोणी जाणार नाई. या आठवड्यात नीट करा, नाईतं काढून न्या."

खरंच होतं त्यांचं. आम्ही पुन्हा गेलो. दुपारपासून ताई पलंगाशी वही घेऊन बसल्या. आकडा जागचा हलेना. चार वाजले. भेटीची वेळ झाली, नातेवाईक आत यायला लागले. जानोबाईंचे म्हातारे नवरे आले, चिन्नाबाबा. शेताची कामं उरकल्यापासून, गेले आठ दिवस ते पलीकडच्या गावाहून नाला ओलांडून रोज पायी येत होते. काठी भिंतीला टेकवली, हात जोडून आम्हाला जोहार केला आणि पलंगाच्या पायथ्याशी खाली फरशीवर बसले. पाय अनवाणी, नाल्याच्या पाण्यानं ओले. पट्टी दुसऱ्या टोकाला, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बायकोचं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि चोळायला लागले.

घंटा वाजली!

सिस्टर पळत आली. "पाहा ताई, पाहा! हात लावला का कोणी पट्टीले?" बाबांनी दचकून हात काढले. घंटा बंद!

ताईंनी आणि लटारूभाऊंनी एकदमच बाबांच्या पायांकडे पाहिलं.

"अनवाणी!" भाऊ म्हणाले.

बाबांनी पाऊल धरलं की पलंगावरच्या बाईंचे पाय जणू जमिनीला टेकत होते. हात तर पट्टीवर आधीच ठेवलेला. आकडा उडी मारत होता.

आयानं बाबांना सांगितलं, तुमच्या हातामुळं वाजतंय. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि सरकत सरकत पलंगापासून दूर झाले. आपल्या हातून फार मोठं काहीतरी बिघडलं, असं तोंड झालं त्यांचं. मला बघवेना.

ताई म्हणाल्या, "त्यांना सांग, पाय सोडाचा नाई. बदलन तं मशीन बदलन!"

पण बदलायची कशी? मशीन कमी नाजूक केली तर बाबांचा हात कळणार नाही, तसंच बाईंचं बोटही कळणार नाही. ताई तासभर कपाळाला हात लावून बसल्या. तेव्हा लटारूभाऊ बोलले, आणि मी त्यांना तेव्हापासून मनातल्या मनात इंजिनिअरच म्हणतो.

"बाई, काट्याच्या दोन्ही पारड्यात सारखंच पडलं तं काटा हलते का?"

ताईंनी वर पाहिलं. ब्लेड मागितलं आणि तांब्याच्या पट्टीचा मधला बारीकसा तुकडा कापून काढला. उरलेल्या दोन तुकड्यांतला एक तळहाताखाली, एक बोटाखाली. मी दुसरी वायर ओढली. मशीननं आता दोन्ही मोजायचं आणि वजाबाकी करायची. बाबांनी पाय धरला तर दोन्हीकडे वाढतं, काटा मधेच. नुसतं बोट टेकलं तर एकाच पारड्यात पडतं.

"दोन्ही वाढले तं बाबा, एकच वाढलं तं बाई!" भाऊंनी जाहीर केलं.

बाबांना पुन्हा बसवलं. त्यांनी भीत भीत पाऊल धरलं. घंटा गप्प! त्यांनी एकदा पट्टीकडे संशयानं पाहिलं आणि पाऊल आणखी घट्ट धरलं. घंटा गप्पच! मग भाऊंनी आपलं ते जाड बोट पुढच्या तुकड्यावर टेकवलं आणि ठणाणा वाजली.

"पास!" सगळा वॉर्ड हसला. जानोबाईंचं बोट मात्र त्याही दिवशी हललं नाही.

पट्टीच्या मधून कापून काढलेल्या तुकड्यावर ताईंनी 'बाबा' असं लिहिलं. तो सध्या डब्यात सगळ्यात वर आहे.

* * *

त्यानंतर महिनाभर काहीच नाही. पाऊस सुरू झाला, गिरण्यांची कामं आली. घंटा वाजत नाही म्हणून दवाखान्याची तक्रार नाही, आणि वाजत नाही म्हणूनच आमच्या जिवाला चैन नाही. ताई रोज फोनकडे बघायच्या. लटारूभाऊ रोज विचारायचे, "काही खबर?" ताई म्हणायच्या, "अजून नाई."

मागच्या आठवड्यात दोन दिवस सारखी झड लागली होती. दुपारी फोन वाजला. ज्योती सिस्टर. ताईंचे हात सोल्डरिंगमध्ये, म्हणून मीच स्पीकरवर लावला.

सिस्टर तडकलेली होती. "ताई, तुमची मशीन पुन्हा बिघडली! चार वाजून गेले अन् सुरू झाली! दोन पेशंट सीरियस आहेत माह्याकडे, मी कुठी कुठी पयू?"

ताई म्हणाल्या, "बाबांनी पाय धरला असन. काढायले सांग, मी पाहते काय झालं थे."

"बाबा कुठी? नाल्याले पूर आहे सकाळपासून, रस्ताच बंद आहे. बाबा आलेच नाईत आज!"

ताईंनी सोल्डरिंगची बंदूक स्टँडवर ठेवली.

"मंग पलंगाजवळ कोण आहे?"

"कोणीच नाई! म्हणून तं म्हणून राह्यली, बिघडली. आताबी वाजूनच राह्यली, ऐका तुमीच!"

तिनं फोन वॉर्डाकडे धरला. लांबून, पावसाच्या आवाजातून घंटा ऐकू येत होती. लटारूभाऊ स्टुलावरून उठून उभे राहिले.

ताई म्हणाल्या, "ज्योती, मशीन ठीक आहे. फोन ठेव, अन् तिच्याजवळ जा."